पहिल्या बी.ए. वर्गातला निफाडचा मुलगा : न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे

निफाड तालुका म्हटलं की लोकांना द्राक्षं आठवतात, लासलगावचा कांदा बाजार आठवतो आणि जानेवारीत पारा किती खाली गेला याची बातमी आठवते. याच जानेवारी महिन्यात निफाडच्या दृष्टीने महत्त्वाच्या आणखी दोन तारखा येतात, त्या मात्र पटकन कुणाच्या लक्षात येत नाहीत. १८ जानेवारी १८४२ ला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म निफाडला झाला आणि १६ जानेवारी १९०१ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. एकोणसाठ वर्षं पूर्ण व्हायला दोनच दिवस कमी होते.

रानडे यांचं नाव शाळेच्या पुस्तकात आहे. निफाडमध्ये त्यांच्या नावाने शिक्षणसंस्था चालते. पण समाजसुधारक, अर्थतज्ज्ञ, न्यायाधीश अशी बिरुदं पाठ करून माणूस कळत नाही. त्यांची गोष्ट कळायची असेल तर १८६२ साली मुंबईत पास झालेल्या एका छोट्याशा वर्गापासून सुरुवात करावी लागते. त्या वर्गात फक्त चार जण होते.

गाडीतून पडलेलं पोर

रानडे यांचे वडील गोविंदराव सरकारी नोकरीत होते. महादेवचा जन्म झाला तेव्हा ते निफाडला होते. पुढे त्यांना कोल्हापूर संस्थानात नोकरी मिळाली आणि बिऱ्हाड तिकडे हललं. त्या प्रवासांपैकी एकाची आठवण घराण्यात पुढे कितीतरी वर्षं सांगितली जायची. महादेव तेव्हा अडीच वर्षांचा असेल. आई गोपिकाबाई मुलांना घेऊन बैलगाडीने निघाल्या होत्या. रात्रीची वेळ, सगळ्यांना डुलकी लागलेली. एका खड्ड्यात गाडीला धक्का बसला आणि झोपलेलं पोर खाली रस्त्यावर पडलं. गाडी तशीच पुढे निघून गेली. मागून घोड्यावरून काका येत होते. टापांचा आवाज ऐकून त्या पोरानं काकांना हाक मारली आणि आपण पडल्याचं सांगितलं. काकांनी उचलून घेतलं, पुढची गाडी गाठली आणि आईच्या मांडीवर नेऊन ठेवलं.

लहानपणी हा मुलगा मोठेपणी काही करून दाखवील असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. अंगाने थोराड, बोलायला मंद, कुणात फारसा न मिसळणारा. हा पुढे पोटापुरतं तरी कमावील का, याची आईला काळजी होती. मुलाचं कर्तृत्व बघायला आई राहिली नाही. महादेव लहान असतानाच ती वारली.

कोल्हापुरात आधी मराठी शाळा आणि मग इंग्रजी शाळा झाली. पुढचं शिक्षण हवं तर मुंबई गाठणं भाग होतं. कोल्हापूरला तेव्हा रेल्वे नव्हती, ती यायला अजून तीस-पस्तीस वर्षं होती. मुलाला एवढ्या लांब पाठवायला वडील सहज तयार झाले नाहीत. शेवटी ते राजी झाले आणि वयाच्या चौदाव्या वर्षी, कोल्हापुरातल्या सोबत्यांबरोबर, महादेव मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाला.

चौघांचा वर्ग

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची. तिकडे उत्तरेत उठाव पेटलेला होता आणि इकडे मुंबईत विद्यापीठाचा कायदा होत होता. राजाबाई टॉवरची आज दिसणारी इमारत तेव्हा उभीसुद्धा नव्हती. १८५९ मध्ये विद्यापीठाची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली आणि रानडे त्यात पास झाले. त्यानंतर १८६२ मध्ये बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक असे ते चार पदवीधर. चौघंही एल्फिन्स्टनचे.

आज एकेका कॉलेजातून दरवर्षी शेकडो मुलं पदवी घेतात. तेव्हा सिंधपासून कर्नाटकापर्यंत पसरलेल्या सगळ्या मुंबई इलाख्यात बी.ए. झालेले हे पहिले चौघे. पदवी म्हणजे काय, तिचं पुढे करायचं काय, हे विचारायला त्यांच्याआधी कुणी पदवीधरच नव्हता. घरातला पहिला पदवीधर कसा असतो हे खेड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे लागलेले असतात आणि वाट दाखवायला कुणी नसतं. हे चौघे तर अख्ख्या इलाख्यातले पहिले होते.

रानडे यांचा अभ्यास जबर होता. अभ्यासक्रमात नसलेली इतिहासाची आणि अर्थशास्त्राची पुस्तकंही ते वाचत सुटायचे. दिव्याच्या उजेडात इतकं वाचलं की डोळे कायमचे अधू झाले. पुढे आयुष्यभर डोळ्यांच्या दुखण्याने त्यांची पाठ सोडली नाही. कित्येकदा दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागायचं आणि लिहायचं असलं की तोंडी मजकूर सांगावा लागायचा.

याच काळातला एक प्रसंग त्यांच्या चरित्रांत सांगितला जातो. विद्यार्थी असताना रानडे यांनी एक निबंध लिहिला. त्यात मराठ्यांच्या राज्याची आणि इंग्रजांच्या राज्याची तुलना केली होती आणि मराठ्यांचं राज्य चांगलं ठरवलं होतं. कॉलेजचे प्रमुख सर अलेक्झांडर ग्रँट यांचा या विद्यार्थ्यावर खरं तर लोभ होता. पण हा निबंध त्यांना खपला नाही. जे सरकार तुला शिकवतं त्यालाच नावं ठेवतोस, अशा अर्थाची समज त्यांनी दिली आणि रानडे यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. रानडे यांनी तक्रार केली नाही आणि ग्रँट यांच्याबद्दल मनात अढीही धरली नाही. पण विषय डोक्यातून गेला नाही. जवळपास चाळीस वर्षांनी, १९०० साली, मराठी सत्तेच्या उदयावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं. शिवाजी महाराजांचं राज्य म्हणजे लुटारूंचा खेळ, असं तोवर इंग्रज लेखक लिहीत आले होते. त्या राज्यामागे संतांनी केलेली जागृती होती आणि लोकांची ताकद होती, हे रानडे यांनी त्या पुस्तकात मांडलं.

पदवी घेऊन चौघं गेले कुठे?

भांडारकर मूळचे मालवणचे. रत्नागिरीच्या शाळेतून ते मुंबईला आले. ते संस्कृतकडे वळले आणि जगभर मान मिळालेले विद्वान झाले. संस्कृत शिकवणाऱ्या त्यांच्या 'मार्गोपदेशिके'वर मुलांच्या पिढ्या शिकल्या. ज्या विद्यापीठाच्या पहिल्या वर्गात ते होते, त्याच विद्यापीठाचे १८९३ मध्ये ते कुलगुरू झाले. त्यांच्या नावाची संशोधन संस्था १९१७ पासून पुण्यात उभी आहे. त्यांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावून दिला आणि त्यासाठी लोकांचा रोष सहन केला.

मोडक शिक्षणखात्यात गेले. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलचे ते प्रमुख झाले. वागळे वकिलीत शिरले, मुंबईच्या हायकोर्टात त्यांचं नाव झालं आणि प्रार्थना समाजाच्या सुरुवातीच्या मंडळींत ते होते.

रानडे १८६४ मध्ये एम.ए. झाले, १८६६ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली. काही दिवस शिक्षणखात्यात, काही दिवस अक्कलकोट आणि कोल्हापूर संस्थानांत, काही वर्षं एल्फिन्स्टनमध्येच प्राध्यापक अशी कामं झाली. १८७१ मध्ये ते पुण्याला न्यायाधीश म्हणून आले.

चौघांच्या वाटा वेगळ्या झाल्या तरी वर्ग मोडला नाही, ही यातली खरी गोष्ट. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज निघाला आणि हे वर्गमित्र त्या कामात पुन्हा एकत्र आले. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचं हायस्कूल सुरू झालं. आज सगळे त्याला हुजूरपागा म्हणतात. ते उभं करणाऱ्यांत मोडक, रानडे आणि भांडारकर हे तिघे होते. पदवी मिळून बावीस वर्षं झाली होती. ज्या शिक्षणाने आपलं आयुष्य बदललं ते मुलींनाही मिळालं पाहिजे, म्हणून एका वर्गातले तीन मित्र पुन्हा कामाला लागले होते. पुण्यातल्या जुन्या मंडळींनी या शाळेला कडाडून विरोध केला. शाळा टिकली आणि आजही चालू आहे.

घरात मात्र हरले

रानडे यांच्या आयुष्यात एक प्रसंग असा आहे की तो टाळून त्यांचं चरित्र सांगणं खोटेपणाचं होईल.

त्या काळात मुलींची लग्नं आठव्या-नवव्या वर्षी व्हायची. नवरा वारला की उरलेलं आयुष्य केशवपन, एकवेळचं जेवण आणि घरातलं कष्टाचं काम. रानडे यांची सख्खी बहीण दुर्गा हीसुद्धा ऐन तारुण्यात विधवा झाली होती आणि माहेरी राहत होती. मुंबईत १८६० नंतरच्या दशकात विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने विधवाविवाहाला पाठबळ देणारं मंडळ निघालं. रानडे त्यात आघाडीवर होते. 'इंदुप्रकाश' पत्राच्या इंग्रजी बाजूचं काम ते बघत आणि त्यातून लिहीत. १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांच्या समोर यावर मोठा वाद झाला. शास्त्रात आधार आहे असं सांगणारी एक बाजू, नाही म्हणणारी दुसरी बाजू. निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. बहिष्कार पडले. तरी माणसं मागे हटली नाहीत.

१८७३ मध्ये रानडे यांच्या पहिल्या पत्नी सखूबाई आजारपणात वारल्या. त्यांचं लग्न लहानपणीच झालं होतं आणि दोघांचा एकमेकांवर जीव होता. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे. सगळ्या पुण्याला वाटलं की हा सुधारक आता विधवेशी लग्न करणार. हीच धास्ती वडिलांनी घेतली. त्यांनी घाईघाईने मुलगी शोधायला सुरुवात केली. रानडे यांनी विनवण्या केल्या. आता लग्नच नको म्हणाले. निदान थोडे दिवस थांबा म्हणाले. वडील ऐकेनात. ऐकलं नाहीस तर मी घर सोडून कोल्हापूरला निघून जाईन, आपला संबंध संपला, इथपर्यंत गोष्ट आली. शेवटी रानडे यांनी मान तुकवली. पत्नीला जाऊन काही आठवडेच झाले होते. १८७३ साल संपायच्या आत त्यांचं लग्न अकरा वर्षांच्या मुलीशी लागलं.

लोकांनी त्यांना सोडलं नाही. विरोधकांनी टिंगल केली, सोबत्यांना वाईट वाटलं. व्यासपीठावर विधवाविवाह सांगणारा माणूस स्वतःवर वेळ आल्यावर वडिलांपुढे नमला, हा ठपका आयुष्यभर राहिला आणि तो खराच होता. रानडे यांनी स्वतःच्या बाजूने वाद घातला नाही.

ती अकरा वर्षांची मुलगी देवराष्ट्रे गावची, कुर्लेकरांची यमुना. देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात येतं, यशवंतराव चव्हाण यांचा जन्मही त्याच गावचा. लग्नानंतर तिचं नाव रमाबाई झालं. तिला अक्षरओळखही नव्हती. लग्न झाल्यावर रानडे यांनी तिला पाटी दिली. आधी मराठी, मग इंग्रजी. दिवसभर कचेरी, संध्याकाळी सभा आणि रात्री बायकोचा अभ्यास असा क्रम सुरू झाला. घरातल्या बायकांना हे मुळीच सोसलं नाही. इंग्रजी वर्तमानपत्राचा तुकडा तिच्या हातात दिसला तरी घरात बोलणी बसायची. सासरच्या बायका आणि नवरा या दोघांच्या मध्ये ती मुलगी कित्येक वर्षं भरडली गेली. तरी शिकायची थांबली नाही.

पुढे नाशिकला असताना हायस्कुलातल्या समारंभात रमाबाईंनी पहिलं जाहीर भाषण केलं. ते रानडे यांनी लिहून दिलेलं होतं. नंतर मात्र त्यांना कुणी लिहून द्यायची गरज उरली नाही. रानडे गेल्यावर रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभं केलं. शेकडो बायका तिथे शिकून शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. १९१० मध्ये त्यांनी आपल्या संसाराच्या आठवणींचं पुस्तक प्रसिद्ध केलं. रानडे घरात कसे होते हे आज आपल्याला कळतं ते बरंचसं त्या पुस्तकामुळेच.

यामुळे १८७३ ची चूक पुसली गेली असं म्हणता येणार नाही. ज्या विधवेला तेव्हा आधार मिळाला असता तिला तो मिळाला नाही, हे तसंच राहतं. पण जे हातात उरलं होतं त्याचं रानडे यांनी काय केलं, तेही बघायला हवं.

नाशिक, धुळे आणि फोडलेली पत्रं

पुण्यात १८७० मध्ये गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी सार्वजनिक सभा काढली होती. रानडे आले आणि सभेच्या कामाला जोर चढला. सरकारी नोकर असल्यामुळे त्यांना पुढे येऊन भांडता येत नव्हतं. पण शेतसारा, दुष्काळ, लोकांच्या तक्रारी यांवर सभेकडून आकडेवारीसह जे अर्ज आणि अहवाल सरकारकडे जात त्यांच्यामागे रानडे यांचं डोकं असे. १८७६ ते ७८ च्या भयंकर दुष्काळात गावोगावची परिस्थिती सभेने गोळा केली आणि सरकारसमोर मांडली.

सरकारला हे आवडणं शक्यच नव्हतं. १८७८ मध्ये रानडे यांची बदली नाशिकला झाली. जन्माच्या जिल्ह्यात ते परत आले ते असे, सरकारची नजर असलेले न्यायाधीश म्हणून. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचं बंड सुरू झालं. मे महिन्यात पुण्यातल्या बुधवार वाड्याला आणि विश्रामबागवाड्याला आगी लागल्या. सरकारला सगळीकडे कट दिसायला लागले आणि रानडे यांना आणखी लांब, धुळ्याला पाठवण्यात आलं.

धुळ्यात त्यांची टपाल फोडून वाचली जायची. बंडाशी संबंध असल्यासारखी दिसणारी खोटी पत्रंसुद्धा त्यांच्या नावावर येऊ लागली. एखादं पत्र जवळ ठेवलं असतं तर पुरावा तयार होता. रानडे यांनी डाव ओळखला आणि आलेलं असलं प्रत्येक पत्र शांतपणे पोलिसांकडे पाठवून दिलं. काही महिन्यांनी सरकारचा संशय फिटला. या माणसाचा मार्ग बंडाचा नाही हे साहेबांना पटलं. चूक झाली असं मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही.

कर्जाचा कायदा आणि गावोगावचा दौरा

शेतकऱ्यांच्या दृष्टीने रानडे यांचं सगळ्यात मोठं काम याच्या पुढचं आहे आणि ते सगळ्यात कमी सांगितलं जातं.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं घेरली आणि कर्जाची कागदपत्रं जाळली. बघता बघता पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत हेच झालं. कारण उघड होतं. शेतसारा रोखीत आणि ठरल्या तारखेला भरायचा. पीक बुडालं तरी सूट मिळेल याचा भरवसा नाही. मग सावकाराचं दार. सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा, वर वाटेल तो आकडा घालायचा. कोर्टात गेलं की कागद खरा धरला जायचा आणि जमीन जायची. वरून कर्जापायी कैदही व्हायची.

या दंग्यांनंतर सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना तो आधी लागू झाला. या कायद्याने कोर्टाला एक नवा अधिकार दिला. नुसता कागद बघून निकाल द्यायचा नाही, मूळ रक्कम किती दिली, किती फेडली, व्याज कसं वाढवलं हा सगळा हिशेब सुरुवातीपासून तपासायचा. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. कर्जाचे कागद गावाजवळच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर करायचे ठरलं. भांडण कोर्टात जाण्याआधी तडजोड घडवणारे माणसं नेमले गेले.

कायदा कागदावर चांगला होता. पण लांबच्या तालुक्याच्या गावातल्या न्यायाधीशाने तो नीट चालवला तर उपयोग. ते तपासायचं काम रानडे यांच्याकडे आलं. आधी मदतनीस म्हणून आणि १८८७ पासून या कायद्याखालचे खास न्यायाधीश म्हणून ते वर्षातले कितीतरी महिने फिरतीवर असायचे. बैलगाडी, तंबू, धर्मशाळा असा तो संसार. रमाबाई बरोबर असायच्या. तालुक्याच्या गावी पोचलं की कोर्टाची दप्तरं काढायची, निकाल तपासायचे, कुठे शेतकऱ्यावर अन्याय झाला असेल तर तो दुरुस्त करायचा. वेळ उरला की त्या गावातली शाळा बघायची, विणकर, कासार, तेली यांचे धंदे कसे चाललेत याची चौकशी करायची.

या फिरतीमुळे रानडे यांचं अर्थशास्त्र पुस्तकी राहिलं नाही. इंग्रजी पुस्तकं सांगत होती की सरकारने धंद्यात लक्ष घालू नये, सगळं आपोआप ठीक होतं. रानडे यांना गावात वेगळं दिसत होतं. यंत्राचा माल आला, कारागीर बसला आणि तो पोट भरायला शेतीवर आला. शेतीवर माणसं वाढली, पाऊस मात्र तेवढाच राहिला. म्हणून त्यांनी दोन गोष्टी लावून धरल्या. देशात उद्योग वाढले पाहिजेत आणि त्याला सरकारने मदत केली पाहिजे. शेतकऱ्याला कमी व्याजाने कर्ज देणाऱ्या बँका निघाल्या पाहिजेत. शेतकी बँकेची एक योजना पुण्यातून पुढे गेलीसुद्धा, पण ती लंडनला अडली. सहकारी पतसंस्थांचा कायदा देशात झाला तो १९०४ मध्ये, रानडे गेल्यावर तीन वर्षांनी. आज गावच्या सोसायटीत पीककर्जाचा फॉर्म भरणाऱ्याला हे नाव ठाऊक नसतं, पण ज्यांनी ही मागणी आधीपासून लावून धरली त्यांत रानडे आहेत.

दोन्ही बाजूंनी बोलणी

रानडे यांचा स्वभाव भांडणाचा नव्हता. सगळ्यांना बरोबर घेऊन, हळूहळू पुढे जायचं अशी त्यांची रीत. त्याची किंमतही त्यांनी मोजली.

१८७५ मध्ये पुण्यात स्वामी दयानंदांची मिरवणूक निघाली तेव्हा रानडे आणि जोतीराव फुले दोघेही बरोबर चालले होते आणि लोकांनी चिखलफेक केली होती. पण जोतीरावांना रानडे यांच्या सुधारणा अपुऱ्या वाटत. १८७८ मध्ये लोकहितवादी आणि रानडे यांनी पुण्यात मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरवली. आजच्या साहित्य संमेलनाची सुरुवात तीच. १८८५ मध्ये पुन्हा सभा भरली आणि जोतीरावांना बोलावणं गेलं. त्यांनी यायला साफ नकार दिला. शूद्रातिशूद्रांचं दुःख ज्यांच्या ग्रंथांत नाही त्यांच्या सभेत आमचं काय काम, असा त्यांचा सवाल होता. त्या सवालाला त्या सभेकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या बाजूला सनातनी होते. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहापानाचा प्रसंग झाला आणि मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून मोठा गदारोळ उठला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. शेवटी रानडे यांनी प्रायश्चित्त घेतलं. घरातल्यांना आणि सोबत्यांना जातीबाहेर राहायची वेळ येऊ नये म्हणून त्यांनी हे केलं, पण सुधारकांना ते पटलं नाही. १८९५ च्या पुणे काँग्रेसमध्ये सामाजिक परिषद काँग्रेसच्या मांडवात भरू द्यायची नाही असा वाद पेटला. रानडे यांनी हट्ट धरला नाही, परिषद दुसरीकडे भरवली.

१८९३ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग वारले आणि त्यांच्या जागी रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. तिथेही काम एकच नव्हतं. विद्यापीठात मराठी आणि इतर देशी भाषांना जागा मिळावी म्हणून ते अखेरपर्यंत झगडले. पहिल्या इंग्रजी पदवीधरांपैकी एकाने आयुष्याची शेवटची वर्षं मराठीसाठी घालवली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्यानंतरचा माणूसही त्यांनी तयार केला. गोपाळ कृष्ण गोखले तरुण प्राध्यापक असताना रानडे यांच्याकडे येऊ लागले. एकेक अर्ज, एकेक आकडा पुन्हा पुन्हा तपासून घेत रानडे यांनी त्यांना घडवलं. त्याच गोखल्यांना पुढे गांधीजींनी आपले राजकीय गुरू मानलं.

१९०० च्या अखेरीस रानडे यांची छातीची तक्रार बळावली. १६ जानेवारी १९०१ च्या रात्री ते गेले. आयुष्यभर ज्यांच्याशी मतभेद झाले त्या टिळकांनी 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला आणि थंड पडलेल्या महाराष्ट्रात जीव ओतणारा माणूस म्हणून त्यांचं ऋण मोकळ्या मनाने मान्य केलं.

चार पदव्यांचा हिशेब

१८६२ च्या त्या वर्गातल्या चौघांनाही सरकारी किंवा कोर्टाच्या कामात चांगलं स्थान मिळालं. पगार मिळाला, मान मिळाला. तेवढ्यावर थांबले असते तरी त्यांना कुणी नावं ठेवली नसती. पण त्यांच्या मागे काय उरलं ते मोजलं तर शाळा दिसतात, सभा दिसतात, ग्रंथ दिसतात, शिकलेल्या बायका दिसतात आणि शेतकऱ्याच्या बाजूने तपासलेले निकाल दिसतात.

रानडे काही सगळीकडे जिंकले नाहीत. घरात नमले, प्रायश्चित्त घेतलं, जोतीरावांच्या सवालाला पुरे पडले नाहीत. तरी नमल्यावर ते घरी बसून राहिले नाहीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागले.

आज निफाड, येवला, सिन्नर, चांदवडच्या वाड्या-वस्त्यांवर घरातली पहिली पदवी घेणारी मुलं-मुली आहेत. निकाल लागतो, स्टेटसला फोटो लागतो, पेढे वाटले जातात. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्या निफाडच्या या माणसाने त्यानंतरची जवळजवळ चाळीस वर्षं, अधू डोळ्यांनी, तिचा उपयोग शोधण्यात घालवली. १६ आणि १८ जानेवारीला प्रतिमेला हार घालताना पुढच्या रांगेत बसलेल्या पोरांना एवढी एक गोष्ट सांगितली तरी चालेल.